क्रेनवरून दिसलेली गच्ची

टकळीचे बाबा क्रेन चालवायचे. रस्त्यात बंद पडलेली मोटार उचलून नेणारी क्रेन नव्हे. उंच इमारत बांधताना तिच्या शेजारी जो पिवळा पोलादी जिराफ मान वर करून उभा असतो ना, ती. त्या जिराफाच्या गळ्यापाशी काचेची एक खोली असते, आपल्या न्हाणीघराएवढी. बाबा सकाळी शिडीमागून शिडी चढून तिथं जाऊन बसत ते दिवस मावळतानाच खाली येत. डबा वर, पाणी वर, जेवणाच्या सुट्टीतली डुलकीही वरच. बाकीच्या गोष्टींचं वर काय करतात, हे टकळीनं लहानपणी भर पाहुण्यांत विचारलं होतं आणि आईचा सणसणीत चिमटा खाल्ला होता.

साइटवर त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे ‘वरचा’ म्हणत. ‘वरच्याला सांग’, ‘वरच्याची मर्जी असेल तर आज होईल’, असलं बोलणं दिवसभर चालायचं. नव्यानं कामावर आलेल्याला आधी वाटायचं, इथले लोक भलतेच देवभोळे दिसतात.

टकळीला टकळी का म्हणत, हे सांगायला नकोच. डोळा उघडल्यापासून डोळा मिटेपर्यंत तिची जीभ टाळूला लागत नसे. बाबा मात्र विचारलं तेवढंच बोलत, आणि कधी कधी तेही नाही. पण या अबोल माणसाचा टकळीला विलक्षण अभिमान होता. शाळेतून येताना ती साइटच्या पत्र्याच्या कुंपणाशी थांबायची. ट्रकएवढा काँक्रीटचा तुकडा हवेत चढायचा, वळायचा, आणि निजलेलं बाळ गादीवर ठेवावं तसा अलगद आपल्या जागी बसायचा. एवढं वजन, एवढ्या उंचीवरून, आपल्या घरी चष्मा शोधत फिरणारा माणूस हलवतोय, या विचारानं दरवेळी तिच्या अंगावर काटा यायचा.

आणि बाबांना वरून काय काय दिसत असेल! आजूबाजूच्या सगळ्या गच्च्या, मागची अंगणं, उघड्या खिडक्या, भांडणं, रुसवेफुगवे. दुसरा कुणी असता तर रोज जेवताना एकेक किस्सा सोडला असता. टकळी खोदून खोदून विचारायची, "आज काय दिसलं?"

"ढग होते," बाबा सांगत.

"ह्यांना सगळ्या जगाच्या गच्च्या दिसतात," आई म्हणायची, "फक्त समोरचं दूध उतू चाललेलं दिसत नाही."

न सांगण्याला कारण होतं. ज्या म्हाताऱ्या उस्तादानं बाबांना क्रेन शिकवली, त्यानं दांडा हातात देण्याआधी त्यांच्याकडून एक गोष्ट वदवून घेतली होती. वर जे दिसेल ते वरच ठेवून खाली उतरायचं. क्रेनवाले हे पाळतात. कुठं लिहिलेलं नाही, पण पाळतात. लोक भिंती बांधतात त्या समोरून बघणाऱ्यासाठी. वरून बघणाऱ्याला आडवी येणारी भिंत नसते, म्हणून ती त्यानं मनात बांधायची असते. टकळीनं हे शंभरदा ऐकलं होतं, आणि आपण आईबापांचं बाकी जे ऐकतो तसंच ऐकलं होतं.

घरच्या ग्रुपवर बाबा रोज एक फोटो पाठवत. ग्रुप म्हणजे तरी काय, तिघंच माणसं. फोटो ढगाचा. टकळीनं त्या फोटोंसाठी एक खातं उघडलं, ‘वरून’ नावाचं. बाबांना आधी विचारलंही होतं. ते एवढंच म्हणाले, "माणसं नाहीत ना त्यात?" नव्हती. वर्गातल्या काही मैत्रिणी, एक मामा आणि ढगांचा नाद असलेले थोडे अनोळखी लोक ते खातं बघत. सगळं गुण्यागोविंदानं चाललं होतं.

मग एका सकाळी धुकं पडलं. धुक्यात क्रेन हलवत नाहीत. खाली उभा राहून हातानं इशारे करणारा गडी वरून दिसत नाही आणि आंधळेपणानं वजन उचलायचं नसतं. हूक वर घेतलेला, दांडा सोडलेला, बाबा नुसते बसलेले. समोर शहर नव्हतंच. पांढऱ्या रंगाचा एक सपाट समुद्र, आणि त्यातून वर आलेली तेवढी त्यांची काचेची खोली. मग ऊन आलं आणि तो समुद्र हळूहळू ओसरायला लागला. आधी एक टाकी वर आली, मग एक अँटेना, मग गच्च्यांमागून गच्च्या. बाबांसारख्या माणसालाही राहवलं नाही. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा फोटो न काढता व्हिडिओ काढला आणि घरी पाठवला.

टकळीनं तो पाहिला आणि तिची टकळी चक्क बंद पडली. हे तिच्या बाबांना रोज दिसतं? आपण खाली बसथांब्यावर जांभया देत असतो तेव्हा वर हे असं चाललेलं असतं? ती तो पुन्हा पुन्हा बघत राहिली. बघता बघता तिनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आणि कोपऱ्यातल्या एका गच्चीवर तिला माणूस दिसला.

एकटाच माणूस, पाण्याच्या निळ्या टाकीपाशी. वरून डोकं आणि खांदे तेवढे दिसत होते. हात दोन्ही बाजूंना पसरलेले. एक पाऊल टाकलं, डोलला, दुसरं टाकलं, भलतीकडेच गेला, आणि धप्पकन आडवा झाला. टकळीला हसू आवरेना. तिनं तेवढाच तुकडा कापला, पडल्याबरोबर थांबणारा. त्याला एक वाजंत्री जोडली आणि वर लिहिलं, ‘सकाळी सकाळीच चढलेली दिसते!’

बाबांना विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. धुकं त्यांचं होतं. हा माणूस तिनं शोधला होता.

पुढं जे झालं त्यानं तीही चक्रावली. शाळा सुटेपर्यंत तो व्हिडिओ तिच्या ओळखीच्या सगळ्या माणसांना मागं टाकून पुढं गेला होता. ज्यांची तोंडं तिनं जन्मात पाहिली नव्हती अशी हजारो माणसं हसत होती. हातातल्या एवढ्याशा काचेतून केवढं हे मैदान उघडलं! तिची छाती धडधडत होती, आणि ते धडधडणं तिला आवडत होतं, हे मान्य करायला हवं. त्यात कुणीतरी खासगीत लिहिलं, ‘तुझी नजर फार भारी आहे. हे कुठलं गं? मी बहुतेक जवळच राहतो.’ नजर भारी आहे म्हटल्यावर कोण विरघळणार नाही? टकळीनं त्या बिनचेहऱ्याच्या माणसाला खुशाल सांगून टाकलं, नव्या इमारतीच्या मागची गल्ली, निळी टाकी.

त्यानंतर बाबा दोनतीन दिवस नेहमीपेक्षाही गप्प होते. मग एका संध्याकाळी घरी आले ते हातपाय न धुता तिच्यासमोर येऊन बसले. संध्याकाळी खाली उतरल्याबरोबर इशारेवाल्यानं त्यांना हसत हसत फोन दाखवला होता. तो कोन, तो उजेड बाबांच्या खोलीखेरीज जगात दुसरीकडून दिसणारा नव्हता.

"हे तू टाकलंस?"

टकळीनं मान हलवली. ओरडा बसणार म्हणून तिनं खांदे आक्रसले. पण बाबा ओरडले नाहीत. ते बोलायला लागले, आणि ते इतकं बोलू शकतात हे तिला त्या दिवशी कळलं.

"तो माणूस प्यायलेला नाही. त्याला एक पाय नाही. गुडघ्याखाली लावलेला पाय आहे. थंडी सुरू झाली तेव्हा त्याची बायको त्याला खुर्चीत बसवून गच्चीच्या दारापर्यंत ढकलत आणायची. तो नुसता बसून राहायचा. मग कठडा धरून उभा राहायला लागला. मग दोन कुबड्या. मग एक. रोज पडायचा. रोज, टकळे. मी काच पुसायच्या निमित्तानं उभा राहायचो. त्यानं हात सोडून पहिलं पाऊल टाकलं ना, तेव्हा माझा हात दांड्यावर थांबला. हूक अधांतरी, खाली तो गडी मला शिव्या घालतोय, आणि मी वर डोळे पुसतोय. मी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या आईलासुद्धा नाही. त्याचं होतं ते."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती.

"आणि आता?" टकळीनं विचारलं.

"आता गच्ची रिकामी असते. शेजारच्या छपरावर पोरं येऊन बसतात. टाकीकडे बघून ओरडतात, काका, पडा ना परत. त्यांना ती जागा कुणी दाखवली, देव जाणे."

देवाला कशाला, टकळीला ठाऊक होतं. तिनं तो खासगी निरोप बाबांसमोर धरला. बाबांनी तो वाचला आणि डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, याच्यापेक्षा थोबाडीत मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं व्हिडिओ काढून टाकला. पण काढून काय होणार? दुसऱ्यांनी तो उतरवून घेतला होता, वेगळी गाणी लावली होती, नवे विनोद चिकटवले होते. त्या दिवशी तिला जे मैदान वाटलं होतं त्याला आता कुठं कुंपणच दिसेना, आणि तिला खरीखुरी भीती वाटली. मग ती रडत रडत लिहायला बसली. ‘हा माणूस दारुडा नाही, याचा पाय गेला आहे, तो चालायला शिकतो आहे, माझं चुकलं, सगळ्यांनी त्याची माफी मागा.’ लांबलचक लिहिलं, मनापासून लिहिलं. पाठवायला अंगठा टेकवणार तेवढ्यात बाबांनी हात मध्ये घातला.

"त्याचा पाय गेलाय हे लोकांना सांगू का, असं त्याला विचारलंस?"

टकळीनं फोन मांडीवर पालथा ठेवला.

"माफी त्याची मागायचीय की लोकांची?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दोघं त्या गल्लीत गेली. बाबांनी ती गल्ली वर्षभर वरून पाहिली होती, पण खालून त्यांना घर सापडेना. गच्च्या पाठ असलेला माणूस दारांपुढं गोंधळून उभा राहिला. शेवटी मान वर करून त्यांनी निळी टाकी शोधली.

दार त्याच्या बायकोनं उघडलं. टकळीनं पाठ करून आणलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं, "काकू, तो व्हिडिओ मी टाकला होता, मी माफी मागायला आलेय."

काकूंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "अस्सं. लांबून बघून पोट भरलं नाही, आता जवळून बघायचंय होय?" त्या दार लावणारच होत्या. बाबांनी काही सफाई दिली नाही. "मी क्रेनवर असतो," एवढंच म्हणाले.

आतून आवाज आला, "कोण क्रेनवर असतो?"

खिडकीपाशी खुर्चीत तो बसला होता. साठीचा, रुंद खांद्यांचा. लावायचा पाय भिंतीला टेकवून ठेवलेला, त्यावर धूळ नव्हती पण वापरही दिसत नव्हता. बसमध्ये कंडक्टर होता तो. सारा जन्म धक्के खाणाऱ्या गाडीत उभ्यानं काढलेला. त्यानं टकळीकडे पाहिलंच नाही. तो बाबांकडे बघत होता.

"वर तुम्ही असता?"

"हो."

"सकाळी तुमची क्रेन फिरली की मी सुरू करायचो," कंडक्टर म्हणाला. "म्हणायचो, तो बसला कामाला, चला आपणही. धुक्याच्या दिवशी क्रेन दिसेचना, वाट बघून तसाच सुरू झालो. पण कुणी माणूस असेल तिथं, असं काही डोक्यात आलं नव्हतं."

दोन मोठी माणसं एकमेकांकडे बघत राहिली. कितीतरी सकाळी एकमेकांच्या सोबतीनं काढून ती आज पहिल्यांदा भेटत होती, आणि त्यांच्या मध्ये उभं राहून टकळीला आपला जीव अगदी मुंगीएवढा वाटला.

"काका," ती म्हणाली, "माझं फार चुकलं. मी तुमच्यावर हसले. जागासुद्धा मीच सांगितली एकाला. मी कुणाला खरं काय ते सांगितलेलं नाही, तुम्हाला विचारल्याशिवाय सांगणारही नाही."

कंडक्टरनं शेजारचा फोन उचलला आणि तिच्या हातात दिला. त्यावर तोच तुकडा होता. खाली लिहिलेलं, ‘बाबा, हे बघा आणि जरा हसा. कायम तोंड पाडून बसलेले असता.’ पुढं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे तीन पिवळे चेहरे.

"माझा मुलगा," तो म्हणाला. "दुसऱ्या शहरात असतो. त्याला वाटतं, मी खुर्चीतच असतो. पुढच्या महिन्यात येणार आहे. मी चालत जाऊन त्याला दार उघडणार होतो. म्हणून सांगितलं नव्हतं काही."

"ओळखलं नाही त्यानं?" बाबांनी विचारलं.

"वरून टक्कल तेवढं दिसतं. कसं ओळखेल?"

मुलगा वाईट नव्हता. त्यानं प्रेमानंच पाठवलं होतं. बापाचं पडणं बापालाच दाखवून त्यानं बापाला हसवायचं ठरवलं होतं, आणि ते त्याच्या हातात देणारी आपण.

"पण हे असं का तुटतं?" कंडक्टरनं अचानक विचारलं. "मी पडलो तिथंच संपतं. त्या दिवशी मी उठलो होतो. उठून पलीकडच्या कठड्यापर्यंत गेलो होतो. त्या सकाळी पहिल्यांदाच. ते कुठं गेलं?"

"ते मी कापलं," टकळी म्हणाली. हे सांगणं तिला सगळ्यांत जड गेलं. "पडलेलंच गमतीचं वाटलं म्हणून."

बाबांनी खिशातून आपला फोन काढला. त्यात धुक्याचा तो सगळा व्हिडिओ होता, न कापलेला. तो त्यांनी कंडक्टरच्या पुढं धरला. काकूही खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या. पांढरा समुद्र ओसरत होता. टाकी वर आली, गच्ची वर आली. टकळीनं हात पुढं करून दोन बोटांनी कोपरा मोठा करून दिला.

तो माणूस डोलला, पडला. फोनवर धुकं सरकत राहिलं. माणूस पडलेलाच होता, बराच वेळ, इतका की खोलीत कुणी श्वास घेईना. मग त्यानं एक हात टेकला. गुडघा घेतला. टाकीचा पाइप धरला, सोडला. उभा राहिला. आणि धुकं पातळ होत होत सगळं ऊन गच्चीवर उतरलं तेव्हा तो पलीकडच्या कठड्याशी पोचला होता, हात सोडून, आणि मान वर करून थेट क्रेनकडे बघत होता.

कंडक्टरनं स्वतःला चालताना कधी पाहिलंच नव्हतं. "हा मी आहे?" त्यानं बायकोला विचारलं. लहान मूल विचारतं तसं विचारलं. काकूंनी पदर तोंडाला लावला होता, त्यांनी मान हलवली. टकळीनं हजारो लोकांना दाखवलं होतं ते हे नव्हतंच. हे तर तिनंसुद्धा पाहिलं नव्हतं. समोर असून पाहिलं नव्हतं.

"पुन्हा लाव," कंडक्टर म्हणाला. त्यांनी पुन्हा पाहिलं.

मग तो म्हणाला, "हे माझ्या फोनवर येईल का?"

टकळीनं बाबांकडे पाहिलं, बाबांनी त्याच्याकडे. "तुमचंच आहे," बाबा म्हणाले.

तिनं पाठवून दिलं. कंडक्टरनं ते मुलाच्या त्या हसणाऱ्या चेहऱ्यांखाली आणून ठेवलं आणि जाड बोटांनी एकेक अक्षर शोधत लिहायला लागला. काकू म्हणाल्या, "अहो, कशाला? पोराला किती लागेल. आणि दार उघडून चकित करायचं होतं ना त्याला?"

"लागू दे थोडं. माझाच आहे तो," कंडक्टर म्हणाला आणि लिहीत राहिला. टकळी वाचायचं नाही म्हणून दुसरीकडे बघू लागली, तर त्यानंच फोन तिच्याकडे वळवला. "नीट झालंय का बघ."

त्यानं लिहिलं होतं, ‘हा मी आहे. पडल्यानंतरचं बघ.’

"नीट झालंय," ती म्हणाली.

त्यानं पाठवलं. काकू पाणी आणायला आत गेल्या. बाबा खिडकीतून आपल्या क्रेनकडे बघत बसले. इथून ती किती उंच दिसते, हे त्यांना बहुतेक पहिल्यांदाच कळत होतं.

फोन वाजला. मुलाचा होता. काकू आतून धावत आल्या, टकळीनं वाजता फोन हातात घेऊन कंडक्टरपुढं धरला. पण त्यानं तो घेतला नाही.

"थांब," तो म्हणाला. "वाजू दे."

त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. बाबांनी पाय आणून दिला. फोन वाजत होता. कंडक्टरनं पट्टे एकेक करून आवळले, हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवले, उठला आणि एकेक पाऊल टाकत पुढं आला. फोन वाजून वाजून थांबला, आणि लगेच पुन्हा वाजायला लागला. खोलीच्या मधोमध तो उभा होता, कशालाही न धरता, जरा डोलत. मग त्यानं टकळीपुढं हात केला, फोन घेतला आणि कानाला लावला.

"बोल रे," तो म्हणाला.